गरोदरपणातला स्लीप ॲप्निया: काय करायचं, कोणत्या आठवड्यात आणि कसं

गरोदरपणात झोपेचं खोबरं होतं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. रात्री तीनदा लघवीला उठायचं, छातीत जळजळ, पायात गोळे आणि दिवसभर डोळ्यांवर पेंग. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडकणं, हाही असाच दिसतो, त्यामुळे या गर्दीत तो बेमालूम मिसळून जातो. बाई तपासणीला जाते, "फार थकायला होतं" म्हणते आणि "या दिवसांत व्हायचंच" हे ऐकून परत येते. पुष्कळदा ते खरंही असतं. पण जिच्या बाबतीत ते खरं नसतं, तिचे आठवडे फुकट जातात. एरवी ॲप्नियाचं निदान व्हायला तीन महिने लागले तर फारसं अडत नाही, गरोदरपणात तेवढ्यात एक तिमाही सरलेली असते. म्हणून खालच्या पायऱ्या वाचताना आपला कितवा आठवडा चालू आहे, हे डोक्यात ठेवा.

घशात नेमकं काय होतं

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. जिभेचं मूळ आणि टाळूचा मऊ भाग मागे येतो, वाट अरुंद होते आणि घोरणं सुरू होतं. वाट पूर्ण मिटली की छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. अशी हवा किमान १० सेकंद थांबली तर त्याला ॲप्निया म्हणतात. पूर्ण न थांबता बरीच कमी झाली आणि त्यापायी ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली, तर तो हायपोप्निया. दोन्ही मिळून तासाला सरासरी किती वेळा होतं, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या आत असेल तर ॲप्निया नाही, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि त्यापुढे तीव्र.

गरोदरपण या वाटेवर तीन बाजूंनी दाब आणतं. इस्ट्रोजेनमुळे नाकाचं अस्तर सुजतं, म्हणूनच सर्दी नसताना नाक चोंदतं. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं आणि घशाच्या भिंती फुगवतं. आणि वाढणारं गर्भाशय श्वासपटल वर ढकलतं, त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारा हवेचा साठा दिवस भरत येईपर्यंत साधारण २० टक्क्यांनी घटतो. साठाच कमी, त्यामुळे श्वास तेवढाच वेळ अडकला तरी ऑक्सिजन लवकर खाली येतो. प्रोजेस्टेरॉन मात्र मेंदूला श्वासासाठी सतत टोचत राहतं आणि शेवटच्या महिन्यांत बाई आपसूक कुशीवर झोपू लागते. या दोन्ही गोष्टी तिच्या बाजूच्या. म्हणूनच घोरणाऱ्या प्रत्येकीला ॲप्निया असतो असं नाही.

अमेरिकेत पहिलटकरणींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. त्यात गरोदरपणाच्या सुरुवातीला ३.६ टक्के आणि मध्यावर ८.३ टक्के जणींना ॲप्निया आढळला. ज्यांना तो होता त्यांच्यात प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब चढून अवयवांना त्रास देणारा आजार) आणि गरोदरपणातला मधुमेह, दोन्हींचं प्रमाण जास्त होतं. या आकड्यांतून घरी न्यायची गोष्ट अशी: तिसऱ्या महिन्यात तपासणी स्वच्छ आली म्हणून सातव्या महिन्यातलं घोरणं सोडून देऊ नका.

पहिली पायरी: थकवा नको, घोरणं मोजा

थकवा सगळ्यांनाच असतो, त्यामुळे निदानाला त्याचा फार उपयोग नाही. लघवीला उठण्याचंही तेच. उपयोगाचे प्रश्न वेगळे आहेत. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं होतं का? घुसमटून, दचकून जाग येते का? शेजारी झोपणाऱ्याने श्वास थांबलेला पाहिला आहे का? सकाळी घसा कोरडा आणि डोकं जड असतं का? घोरणं गरोदरपणातच सुरू झालं असेल तर ते आवर्जून सांगा. नव्याने सुरू झालेलं घोरणं आणि वाढता रक्तदाब यांचं नातं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

शब्दांपेक्षा मोबाइलवरचं चित्रीकरण जास्त बोलतं. शेजारच्या माणसाला पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान उठायला सांगा. स्वप्नांची झोप त्या वेळी जास्त असते, तिच्यात स्नायू सर्वांत सैल पडतात आणि ॲप्नियाही तेव्हाच जोर धरतो. चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील असं १०-१५ मिनिटं चित्रीकरण पुरे. पाहताना घोरण्याच्या आवाजावर लक्ष देऊ नका, ते थांबतं तिथे लक्ष द्या. घरघर चालू असते, मध्येच एकदम शांत होतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं, गाढ झोपली. पण छाती हलतेच आहे आणि आवाज नाही. सेकंद मोजा: दहा, पंधरा, वीस. मग फुर्रकन मोठा श्वास, अंगाला हिसका आणि पुन्हा घरघर. हे दिसलं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, डॉक्टरांना तो व्हिडिओ दाखवा. एकट्याच झोपत असाल तर उशाशी मोबाइल ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड केला तरी काम भागतं.

आता गुणांची गोष्ट. एरवी वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्या गरोदरपणात फसव्या ठरतात. सर्वांत प्रचलित प्रश्नावलीत वय ५० च्या वर आहे का आणि तुम्ही पुरुष आहात का, यांना गुण आहेत. गरोदर बाईचे दोन गुण तिथेच गेले! खास गरोदर स्त्रियांसाठी २०१२ मध्ये मांडलेलं एक गणित जास्त कामाचं आहे. वय आणि सुरुवातीचा बीएमआय (वजन आणि उंचीवरून काढलेला आकडा) यांची बेरीज करा. वारंवार घोरत असाल तर १५ मिळवा, गरोदरपणाआधीपासून उच्च रक्तदाब असेल तर आणखी १५. बेरीज ७५ किंवा जास्त आली तर तपासणी करून घ्यावी. उदाहरणार्थ वय ३३, बीएमआय ३२ आणि घोरणं: ३३ + ३२ + १५ = ८०. हे निदान नव्हे, पण तपासणी मागायला कारण पुरेसं आहे.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. सकाळची डोकेदुखी ॲप्नियामुळे असू शकते, पण २० आठवड्यांनंतर ती प्रीएक्लॅम्पसियाचीही असू शकते. डोकं दुखलं की आधी रक्तदाब मोजा. १४०/९० किंवा त्यावर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० किंवा त्यावर असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, बरगड्यांखाली उजवीकडे दुखत असेल किंवा चेहरा अचानक सुजला असेल, तर तडक रुग्णालय गाठा. अशा वेळी झोपेच्या यंत्राची चर्चा करत बसू नका.

दुसरी पायरी: तपासणी मागा आणि ती नीट पार पाडा

भेटीच्या वेळी लांबण लावलीत तर मुद्दा हरवतो. एका दमात सांगा: "आठवड्यातून पाच रात्री घोरते, श्वास अडकताना घरच्यांनी पाहिलं आहे, बीएमआय ३२, रक्तदाब वरच्या बाजूला आहे आणि मला २२ वा आठवडा चालू आहे. झोपेची तपासणी किती दिवसांत होईल?" पुढच्या चिठ्ठीवर आठवडा लिहून घ्या. झोपेच्या तज्ज्ञांकडची रांग लांब असते, आणि गरोदर बाईचा नंबर पुढे घ्यायला कारण लागतं ते हेच.

बहुतेकींना घरी करायची तपासणी पुरते. नाकात दोन टोकांची बारीक नळी, छातीवर पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर, एवढीच सामग्री. तरीही ती वाया जाते, आणि बहुतेकदा क्षुल्लक कारणाने. पट्टा पोटावर घसरतो. तो काखेखाली, पोटाच्या फुगवट्याच्या बराच वर बांधा. नखाला रंग असेल तर ऑक्सिमीटर भलतेच आकडे देतो. त्या बोटाचा रंग आदल्या दिवशीच काढा. लघवीला उठताना बोटावरची टोपी निघते आणि परत लावायची राहते. ती वैद्यकीय चिकटपट्टीने बोटाला आणि वायर मनगटाला चिकटवून टाका. नाकातली नळी गालांवरही चिकटवा. किमान चार तासांची स्वच्छ नोंद लागते, म्हणून त्या रात्री लवकर आडव्या व्हा. "उद्या तपासणी आहे, आज नीट झोपू" या विचाराने झोप उडते, हे सगळ्यांचंच होतं. पुन्हा करायला सांगितली तर वाईट वाटून घेऊ नका.

घरचा अहवाल बहुधा कमी दाखवतो, जास्त नाही. यंत्राला तुम्ही झोपला आहात की नुसत्या पडून आहात हे कळत नाही, म्हणून ते एकूण नोंदीच्या वेळाने भागतं. सात तासांत पाचच तास झोप झाली असेल तर आकडा आपोआप खाली येतो. त्यातून मेंदूच्या लहरींची नोंद नसल्याने, ऑक्सिजन न उतरता नुसती झोप मोडली तर तेही निसटतं. तेव्हा लक्षणं ठळक असूनही एएचआय ४ आला, तर रात्रभर प्रयोगशाळेत झोपून करायची पूर्ण तपासणी मागा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, किंवा जागेपणीही ऑक्सिजन कमी असेल, तर थेट तीच करतात. अहवालात एएचआयखेरीज तीन गोष्टी पाहा: सर्वांत खाली उतरलेला ऑक्सिजन, ९० टक्क्यांच्या खाली गेलेला एकूण वेळ, आणि पाठीवर व कुशीवर असतानाचे वेगवेगळे आकडे. शेवटचा फरक मोठा असेल तर तिसरी पायरी तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे.

तिसरी पायरी: आज रात्रीपासून करता येईल ते

यासाठी अहवालाची वाट पाहायची गरज नाही.

कुशीवर झोपा, डाव्या किंवा उजव्या. पाठीवर झोपल्यावर जीभ मागे पडते आणि गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, म्हणजे दुहेरी तोटा. २८ आठवड्यांनंतर आडवं होताना कुशीवरच व्हायचं. मध्यरात्री जाग आल्यावर पाठीवर सापडलात तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा. कूस टिकवायची युक्ती म्हणजे पाठीमागे, खांद्यापासून कमरेपर्यंत एक घट्ट लोड लावायचा. मऊ उशी मध्यरात्रीपर्यंत चपटी होते. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटाखाली एक पातळ घडी ठेवली की कंबर खेचली जात नाही.

डोकं वर घ्या, पण उशांची चळत रचून नव्हे. तीन उशांवर डोकं ठेवलं की मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि आधीच अरुंद असलेला घसा आणखी मुडपतो. वर यायला हवं ते कमरेपासूनचं सगळं धड. त्यासाठी उतरता गादीचा तुकडा वापरा, नाहीतर पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली १० ते १५ सेंटिमीटरचे भक्कम ठोकळे द्या. पलंग डुगडुगत नाही ना, हे आधी दिवसा बसून पाहा. छातीतली जळजळही याने कमी होते.

नाक मोकळं ठेवा. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा स्प्रे, दोन्ही नाकपुड्यांत. दिवसातून दोनतीनदा मारला तरी अपाय नाही. नाकावर बाहेरून लावायच्या पट्ट्यांनी मोकळं वाटतं, ॲप्निया मात्र जात नाही. नाक झटपट उघडणारे औषधी थेंब तीन दिवसांपुढे वापरले तर उलटतात आणि नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं. चोंदलेल्या नाकासाठी पोटात घ्यायच्या गोळ्यांनी रक्तदाब चढू शकतो, त्या मनाने घेऊ नका. रोजच नाक बंद राहत असेल तर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. बुडेसोनाइड गरोदरपणात बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे.

झोपेच्या गोळ्या, गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधं आणि कोडीनचं खोकल्याचं औषध घसा आणखी सैल करतात किंवा श्वास मंदावतात. मद्य तर गरोदरपणात घ्यायचंच नाही. इथे एक गोष्ट हमखास निसटते: मळमळीसाठी दिली जाणारी डॉक्सिलॅमिनची गोळीसुद्धा गुंगी आणणारीच आहे. ती परस्पर बंद करू नका, पण ॲप्नियाची शंका असल्याचं ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

ओठांवर चिकटपट्टी लावून झोपायचं जे खूळ समाजमाध्यमांवर चालू आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. नाक चोंदलेलं, त्यात उलटीची भीती, आणि वर तोंड बंद करून झोपायचं?

वजनाबद्दल थोडक्यात. गरोदरपणात उपास-डाएट करून ॲप्निया घालवायचा नसतो. २००९ पासून प्रचलित असलेल्या मर्यादेप्रमाणे, आधीचा बीएमआय ३० किंवा जास्त असेल तर संपूर्ण गरोदरपणात ५ ते ९ किलो, २५ ते ३० च्या दरम्यान असेल तर ७ ते ११.५ किलो वाढ पुरे. त्या आत राहणं एवढंच उद्दिष्ट ठेवा.

चौथी पायरी: सीपॅपशी जमवून घेणं

मध्यम किंवा तीव्र ॲप्निया असेल, किंवा सौम्य असूनही रक्तदाब वा दिवसाची झोप त्रास देत असेल, तर सीपॅप हाच खात्रीचा उपाय. हे छोटं यंत्र खोलीतलीच हवा किंचित दाबाने मास्कमधून घशात सोडतं, आणि त्या हवेच्या टेकूने घसा उघडा राहतो. त्यात औषध नाही, बाळाला अपाय नाही. नुसता ऑक्सिजन लावणं हा त्याला पर्याय नाही. वाट मिटलेलीच राहते आणि श्वासाचे खंड उलट लांबू शकतात. दातांत बसवायचा साचा आधीपासून वापरत असाल तर चालू ठेवा, पण नव्याने बनवून, जबडा हळूहळू पुढे आणून तो लागू पडेपर्यंत कित्येक आठवडे जातात. गरोदरपणात तेवढी सवड नसते.

यंत्र घेताना ऑटो प्रकारचं मागा. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि ही यंत्रं साधारण ४ ते २० च्या पट्ट्यात चालतात. गरज महिन्यागणिक वाढते. आधीपासून ठरावीक दाबाचं यंत्र वापरणाऱ्या बाईला सहाव्या महिन्याच्या सुमारास एकदोन सेंटिमीटर जास्त दाब लागू शकतो. ऑटो यंत्र तो आपला आपण वाढवतं आणि बाळंतपणानंतर उतरवतंही. तिसऱ्या महिन्यात जमलेलं जुनं यंत्र सातव्या महिन्यात "काम करेनासं" झालं, तर बिघाड यंत्रात नसतो, ठरवून दिलेला दाब अपुरा पडत असतो. जुनं यंत्र कुणाकडून मिळत असेल तर त्याचा अनुक्रमांक परत मागवलेल्या यंत्रांच्या यादीत नाही ना, हे पाहा. आतला फोम झिजून कण उडण्याच्या भीतीने २०२१ मध्ये लाखो यंत्रं परत मागवली गेली होती.

मास्क दुकानात खुर्चीवर बसून पसंत करू नका. आडवं व्हा, कुशीवर वळा, यंत्र चालू करा आणि मग पट्टे बसवा. हवा भरल्यावर कडेची गादी फुगून चेहऱ्याला चिकटते. पट्टे करकचून आवळले की तिला फुगायला जागा उरत नाही आणि गळती वाढते. पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. नवखी माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती इथेच: हवा निसटली की आवळायचं, आणखी निसटली की आणखी आवळायचं, आणि सकाळी नाकावर लाल वळ. असं झालं तर मास्क चेहऱ्यापासून अलगद उचला, गादी फुगू द्या आणि परत टेकवा. शेवटच्या महिन्यांत चेहराही सुजतो, तेव्हा तोच मास्क नव्याने बसवावा लागतो किंवा आकार बदलावा लागतो.

तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कबद्दल खास इशारा. उलट्या होत असतील किंवा रात्री आंबट पाणी वर येत असेल, तर उलटी मास्कमध्ये अडकून श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा वेळी नाकापुरता मास्क बरा. मोठाच वापरावा लागला तर तो एका हाताने, अंधारात, एका झटक्यात काढायचा सराव करा. दिवसा डोळे मिटून पाचसहा वेळा केलं की हाताला सवय होते. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या कड्या असतात. तुमच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात पेसमेकरसारखं उपकरण असेल तर ते नकोत.

सवय लावायला एरवी महिनाभर देता येतो, इथे चार दिवसांत उरकू. पहिल्या दिवशी नुसता मास्क लावून जागेपणी १५ मिनिटं बसा. दुसऱ्या दिवशी यंत्र चालू करून अर्धा तास काहीतरी पाहत किंवा वाचत बसा, तोंड मिटून नाकाने श्वास घ्या. तिसऱ्या दिवशी दुपारची डुलकी मास्कसह. चौथ्या दिवसापासून रात्र. दाब हळूहळू चढवणारी रॅम्पची सोय आणि श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी सोय, दोन्ही चालू करून घ्या.

लघवीला उठताना मास्क काढू नका. मास्क आणि नळी यांच्या सांध्यावर बहुधा खटक्याचं जोड असतं, तिथून फक्त नळी सोडवा, यंत्र बंद करा, जाऊन या, जोडा, चालू करा. पहाटे चारला काढून ठेवलेला मास्क परत चेहऱ्यावर चढत नाही, असा बहुतेकींचा अनुभव असतो, आणि ॲप्नियाचा सर्वांत वाईट काळ तर त्याच्या पुढेच असतो. विम्याच्या आणि अभ्यासांच्या कागदांवर रात्री चार तासांचा वापर पुरेसा धरलेला दिसेल. तुम्ही मात्र झोप असेल तेवढा सगळा वेळ लावा, डुलकीसुद्धा धरून.

काय बिघडतं आणि का, ते असं. सकाळी तोंड कोरडं ठाक असेल तर तोंडातून हवा निसटते आहे. ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारी यंत्राची पाण्याची टाकी) एक घर वाढवा, नाक मोकळं करा, तरीही राहिलं तर मास्कचा प्रकार बदला. नळीत पाणी गुरगुरत असेल तर हवेतल्या ओलाव्याचं थंड नळीत पाणी होतं आहे; ओलावा एक घर उतरवा, नळीला कापडी खोळ घाला आणि यंत्र उशीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा, म्हणजे पाणी चेहऱ्यावर येणार नाही. पोट फुगून ढेकरा येत असतील तर हवा गिळली जाते आहे. गरोदरपणात पोटाला आधीच जागा नसते, त्यामुळे हा त्रास जास्त जाणवतो. धड वर करून झोपा आणि वरच्या दाबाची मर्यादा कमी करता येईल का ते विचारा. कुशीवर झोपल्यावर मास्क उशीला टेकून सरकतो. डोकं उशीच्या कडेशी घ्या, मास्क कडेबाहेर राहील असं, आणि नळी पलंगाच्या माथ्यावरून आणा.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. उकळलेल्या पाण्यातले जंतू मरतात पण क्षार तसेच राहतात, आणि टाकीला पांढरा थर धरतो. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून द्या. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने पुसा, नळी आणि टाकी आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात धुवा. ओझोनने साफ करणारी पेटी लागत नाही.

आठवड्यातून एकदा यंत्राच्या पडद्यावरचे तीन आकडे पाहा: वापराचे तास, गळती, आणि उरलेला एएचआय. तो ५ च्या खाली हवा. गळती जास्त असताना बाकीचे आकडे भरवशाचे नसतात, म्हणून आधी मास्क दुरुस्त करा, मग एएचआयकडे बघा. २८ आणि ३४ आठवड्यांच्या सुमारास हे आकडे तज्ज्ञांना दाखवून घ्या.

दिवसाची पेंग आणि घुसमट यंत्राने कमी होते, रक्तदाबालाही मदत होऊ शकते. तरी यंत्र लावलं म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया टळला, असं धरून चालू नका. रक्तदाबाच्या नोंदी, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी आणि २४ ते २८ आठवड्यांतली साखरेची तपासणी ठरल्याप्रमाणेच. आणि पेंग जाईपर्यंत गाडी चालवू नका.

पाचवी पायरी: बाळंतपणाची तयारी

३२ ते ३४ आठवड्यांत भूलतज्ज्ञांची भेट ठरवा. ॲप्निया असलेल्या बाईचा घसा सुजलेला आणि अरुंद असतो, त्यामुळे घाईगडबडीत पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर श्वासनळीत नळी घालणं अवघड जाऊ शकतं. म्हणून कळा सुरू झाल्यावर एपिड्युरल (पाठीत बारीक नळी बसवून दिली जाणारी कमरेखालची भूल) लवकर बसवून ठेवणं बरं. ऐनवेळी सिझेरियन ठरलं तर त्याच नळीतून भूल वाढवता येते. हे नियोजन आधी कागदावर असेल तर मध्यरात्रीच्या पाळीतल्या अनोळखी डॉक्टरांनाही ते कळतं.

पिशवीत यंत्र, मास्क, नळी, वीजजोडाची वायर, एक लांब एक्स्टेंशन, डिस्टिल्ड वॉटर, अहवालाची प्रत आणि दाबाचे आकडे लिहिलेला कागद. प्रत्येक वस्तूवर नाव चिकटवा. मास्क चादरींबरोबर धुलाईला जाऊन हरवतो, हे चेष्टेने सांगत नाही.

सिझेरियननंतरचे पहिले २४ तास सर्वांत जपायचे. पाठीच्या कण्यात दिलेल्या मॉर्फिनचा परिणाम तेवढा वेळ टिकू शकतो आणि तो श्वास मंदावतो. या काळात बोटाला ऑक्सिमीटर सतत असावा, डोकं वर असावं, आणि बसल्या बसल्या डोळा लागला तरी मास्क चढवावा. दोन दिवसांच्या बाळंतिणींवर झालेल्या एका पाहणीत धड ४५ अंश वर केल्याने ॲप्निया कमी झालेला दिसला, आणि रुग्णालयाच्या पलंगावर हे एका कळीने होतं. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी गोळी ठरलेल्या वेळी नियमित घेतली तर मॉर्फिनच्या जातीच्या औषधांची गरज घटते. "दुखलं की मागू" म्हणून थांबलात तर जास्त जोराचं औषध लागतं. प्रीएक्लॅम्पसियासाठी मॅग्नेशियम चालू असेल तर त्यानेही स्नायू सैलावतात, तेव्हा श्वासावर दुप्पट लक्ष. कोडीन आणि ट्रॅमाडॉल दूध पाजताना टाळतात, कारण ती दुधातून बाळापर्यंत जातात.

बाळ घरी आल्यावर

झोप तुकड्या-तुकड्यांत होते आणि मास्क सर्वांत आधी सुटतो तो याच काळात. नळीचा खटका इथेही कामी येतो: मास्क तसाच, नळी सोडवून बाळाला पाजा, परत जोडा. मास्कच्या छिद्रांतून बाहेर पडणारी हवा बाळाच्या तोंडावर येणार नाही असं बसा. बाळ खोलीत असावं, पण झोपायला त्याची वेगळी, सपाट जागा हवी. ॲप्नियाची गुंगी आणि वेदनाशामकांची गुंगी एकत्र आली की आई बाळावर कलंडल्याचं तिला कळतही नाही. सोफ्यावर पाजताना डोळा लागणं सर्वांत धोक्याचं. पेंग येत असेल तर दुसऱ्या कुणाला शेजारी जागं बसवा.

अंगातलं पाणी उतरतं, नाक उघडतं, घोरणं थांबतं. ॲप्निया गेला असं तेव्हा वाटतं, पुष्कळदा तो कमीही झालेला असतो. तरी यंत्र मनाने परत करू नका. साधारण तीन महिन्यांनी, यंत्राशिवाय पुन्हा झोपेची तपासणी करून घ्या. त्याआधी किती रात्री यंत्र बंद ठेवायचं, हे तज्ज्ञ सांगतील. एएचआय ५ च्या खाली आला आणि दिवसा पेंग नसेल तर यंत्र सुटलं. नाही आला तर ॲप्निया गरोदरपणाच्या आधीपासूनच असण्याची शक्यता आहे, आणि त्याचे उपचार आता वजन, दातांचा साचा, गरज पडली तर शस्त्रक्रिया, असे सगळे पर्याय हाताशी ठेवून ठरवता येतात. दोन्ही अहवाल बाळंतपणाच्या फाइलमध्येच लावून ठेवा. पुढच्या खेपेला दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत ते दाखवले की झोपेची तपासणी आठव्या-दहाव्या आठवड्यातच मार्गी लागते.